पोपटी गाडीचा फसलेला फोटो

लोहा-कंधार रस्त्याने जाताना कुणी कॅमेरा घेऊन उभं दिसलं, की ते प्रकरण अजून आठवतं आणि आजही डोकं तापतं.

तिथल्या एका ढाब्यापुढच्या वळणावर मोटारीने सायकलवाल्याला उडवलं. बिचारा जागीच गेला. संध्याकाळी एका बड्या असामीचा ड्रायव्हर आपणहून ठाण्यात हजर. "गाडी मीच चालवत होतो, साहेब." जबाब घडाघडा, पाठ केल्यासारखा. कपड्यांची पिशवीसुद्धा भरून आणलेली! मालकाच्या घरच्यांनी ठोकायचं आणि ड्रायव्हरने अंगावर घ्यायचं, हा रिवाज आम्हाला नवा नव्हता. मला संशय मालकाच्या पोराचा. पण पुरावा कुठून आणू? ढाबेवाला तर साफ म्हणाला, "म्या काहीच पाहिलं न्हाई."

दोन दिवसांनी त्याच ढाबेवाल्याचा फोन. "साहेब, एक बाई रोज येऊन गाड्यांचे फोटो काढून राहिली. काहीतरी भानगड हाय."

ज्याला अपघात दिसला नाही, त्याला बाई बरी दिसली! तरी महिला शिपाई पाठवून तिला बोलावलं. नवरा लोह्यात सरकारी नोकरीत, पोरं शिकायला लातूरला. गळ्यात नवाकोरा कॅमेरा.

"कोणाच्या गाड्यांवर पाळत ठेवता?"

"अगं बाई! पाळत कशाची? पळत्या गाडीचा फोटो काढायला शिकून राहिले मी."

मी फोटो पाहिले. एक गाडी धड नाही, नुसते रंगाचे फराटे. माझा संशय आणखी वाढला. "याला फोटो म्हणायचं?"

बाई खजील झाल्या. "गाडीबरोबर कॅमेरा फिरवावा लागतो, साहेब. मग गाडी स्पष्ट येते आन् मागचं पुसट. माझा हातच फिरत न्हाई. गाडी पुसट येती आन् मागचं सगळं लख्ख येतंय."

मी पुन्हा पहिल्यापासून फोटो बघत गेलो. अपघाताच्या दिवशीचा, अपघाताच्या काही मिनिटं आधीचा एक फोटो. पोपटी फराटा. तालुक्यात तसली पोपटी मोटार एकच, त्या असामीची. फराट्यामागे ढाबा लख्ख, आणि बाकावर चहाचा ग्लास धरून बसलेला आमचा ड्रायव्हर! तिथून वळण हाकेच्या अंतरावर.

पंचनामा करून कॅमेऱ्यातलं कार्ड ताब्यात घेतलं आणि ड्रायव्हरपुढे फोटो ठेवला.

"गाडी इकडून जाताना तू चहा पीत होतास. मग चालवत कोण होतं?"

"साहेब, फाडून टाका तो फोटो."

"अरे, जेलात जाशील! बायको पोटुशी आहे ना तुझी?"

"म्हणून तर." तो ढसाढसा रडायला लागला. "त्यांच्याच आवारात खोली हाय माझी. तिचं बाळंतपण मालकीणबाई करणार हायत. छोट्या मालकानं मला ढाब्यावर उतरवलं आन् गाडी घेतली, हे म्या बोललो तर ती जाईल कुठं?"

शेवटी त्याने हेच जबाबात लिहून दिलं. ढाबेवाल्यालाही मग सगळं आठवलं. मालकाच्या पोराला अटक झाली. ठाण्यात सगळे खूश, मीही.

कोर्टाने मोकळं केलं तरी ड्रायव्हर ठाण्याच्या बाकावरच बसून राहिला. दुपारी त्याची बायको आली. डोक्यावर गाठोडं, हातात स्टोव्ह. तिने स्टोव्ह फरशीवर ठेवला आणि मलाच विचारलं, "साहेब, आता आमी जावं कुठं?"

संशय कसा घ्यावा, हे मला खात्याने शिकवलं. खरं बोलणाऱ्याची रात्रीची सोय आधी बघावी, हे ड्रायव्हरच्या बायकोने शिकवलं.