आठ वाजताचं इंजेक्शन

आमच्या छोट्या दवाखान्यात ऑपरेशनच्या दिवशी माझी एक पद्धत होती. सकाळी आठलाच ट्रे घेऊन निघायचं, जखम पिकू नये म्हणून द्यायचं अँटिबायोटिकचं इंजेक्शन यादीतल्या सगळ्या बायकांना एका दमात देऊन टाकायचं आणि फायलीवर टिक मारून मोकळं व्हायचं. ते चीर देण्याआधी तासाभरात द्यायचं असतं, हे मला पाठ होतं. पण हातासरशी काम उरकलं, की मला माझंच कौतुक वाटायचं.

त्या दिवशी हिंगणीपलीकडच्या गावातली एक बाई गर्भाची पिशवी काढायच्या ऑपरेशनसाठी आली होती. यादीत शेवटची. मध्येच एक अडलेली बाळंतीण आली, तिचं सिझर आधी झालं आणि हिची पाळी आली दुपारी एकला. डॉक्टरांनी विचारलं, अँटिबायोटिक दिलंय ना? मी म्हटलं, दिलंय. किती वाजता, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुन्हा एक डोस द्यायला दोन मिनिटं लागली असती.

सहाव्या दिवशी टाके पिकले. पू, ताप, रोज जखम धुणं. त्या वेळी ती पदराचा बोळा तोंडात धरायची. सासू दारात उभी राहून मला विचारायची, "टाके काऊन पिकून राह्यले? इनं काही आंबट खाल्लं काय?"

एकदा सासू चहाला गेली, तेव्हा त्या बाईनं माझा हात धरला. "सिस्टर, चूक माहीच हाय जी. बहिणीनं कढी आणलती, मी चोरून पेली. सासूले नका सांगू."

कढीनं टाके पिकत नाहीत. पण हे सांगितलं असतं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं. वेळेवर देऊनही कदाचित पिकलेच असते, असं मी स्वतःला कितीदा समजावलंय. पटत नाही.

आता मी इंजेक्शन ऑपरेशनच्या टेबलाजवळच देते, घड्याळ बघून वेळ लिहिते, उशीर झाला की डॉक्टरांना आपणहून सांगते. नव्या सिस्टर मला खडूस म्हणतात. म्हणू देत. ती कढीचं बोलली त्या दिवशी मी काय केलं, ते त्यांना ठाऊक नाही. मी तिचा हात थोपटला आणि म्हटलं, "नाई सांगत बाई. पण आता आंबट खाऊ नको."