जुन्या भट्टीचं शून्य

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी प्रोग्रॅम लिहायला होते. एका वेळी जेवढं लोखंड वितळवलं जाई त्याला हीट म्हणत आणि प्रत्येक हीटला चार आकडी नंबर असे. तो वाळूच्या साच्यात दाबून उमटवायचा, म्हणजे ओतून तयार झालेल्या कास्टिंगवर उठायचा. हे काम खानापूरकडून रोज बसनं येणाऱ्या एका आप्पांकडं होतं. त्याच नंबरानं तपासणीचे अहवाल गिऱ्हाईकाच्या वेब सर्व्हिसला पाठवणं माझ्याकडं.

माझा नवा प्रोग्रॅम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात काही माल परत आला. मालावर ०४१७, अहवालात ४१७. सुपरवायझरनं खापर आप्पांवर फोडलं. वय झालंय, जादा शून्य बसवतात म्हणाला. सोमवारपासून त्यांना झाडलोटीला घालायचं ठरलं. कॉम्प्युटर चुकत नाही, असं मलाही वाटत होतं.

पण एक आणि दोननं सुरू होणारे नंबर बिनबोभाट गेले होते. मग शून्याचंच काय बिघडलं? नसत्या चौकशा करायची मला खोडच. जेवणाच्या सुट्टीत आप्पांना गाठलं. ते म्हणाले, पहिला आकडा भट्टीचा. नव्या भट्ट्या आल्या तेव्हा त्यांना एक आणि दोन नंबर दिले. जुनीला नंबरच नव्हता, म्हणून शून्य.

मी त्यांना शहाणपणानं सांगितलं, की संख्येच्या सुरुवातीच्या शून्याला किंमत नसते, कॉम्प्युटर ते गाळतो.

आप्पांचा घास हातातच राहिला. "एक सांग पोरी, ह्या आकड्यांची तुमी कधी बेरीज करता काय?"

"नाही."

"मग त्यो हिशेब न्हाय. नाव हाय ते, त्या लोखंडाचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकडे दिसले म्हणून पाठवताना मीच त्यांची संख्या करून टाकली होती. ते मजकूर म्हणूनच, जसेच्या तसे जायला हवे होते. एक ओळ बदलली आणि अहवाल ०४१७ याच नंबरानं पोचला. मग सुपरवायझरसमोर उभी राहून चूक माझी असल्याचं सांगितलं. तो नुसता हुंकारला.

सोमवारी आप्पा आपल्या जागेवरच होते. मी माफी मागायला गेले, तर त्यांनी शून्याचा लोखंडी ठसा माझ्या हातात दिला आणि साच्याकडं बोट दाखवलं.

"दाब," म्हणाले. "तुझं शून्य ऱ्हायलंय."