मामाचा सदरा

माझ्या मावशीला वाद घालता येत नाही. आमच्या घरात ही फार मोठी खोट आहे, कारण बाकी सगळ्यांना तेवढंच येतं. ती सरकारी प्रयोगशाळेत आहे. देशात पारा कुठून आणि किती हवेत जातो याची मोजणी निघाली, तेव्हा मुलामा देणाऱ्यांची गल्ली तिच्या वाट्याला आली. गल्लीतलं सगळ्यात जुनं दुकान तिच्या सख्ख्या भावाचं, म्हणजे माझ्या मामाचं. आली का पंचाईत!

मामा सोनं पाऱ्यात कालवतो, पितळेच्या दिव्यांना लावतो आणि दिवा शेगडीवर धरतो. पाऱ्याची वाफ होते, सोनं राहतं. मावशीने शेगडीजवळ हवेतला पारा मोजायचं यंत्र धरलं, तसा आकडा भराभर चढला.

"दादा, ही बंद भट्टी घे. वाफ आतच अडते. फुकट मिळतेय. तू घेतलीस तर गल्ली घेईल."

"अगं, उभा जन्म इथे काढला. मला काय धाड भरलीय?"

हात थरथरतात, ते मामा वयावर ढकलतो. मावशी चहा पिऊन निघून आली. मला असा राग आला तिचा! मी असते तर शेगडीच उचलून आणली असती.

संध्याकाळी आम्ही दोघी मामाकडे जेवायला गेलो. मामाची नात नुकती चालायला लागलेली. मामा दारात दिसला, की ती दोन्ही हात वर करून धावते आणि तो चपलासुद्धा न काढता तिला उचलतो. त्या दिवशीही उचललं. तिने त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसलं.

मावशीने पिशवीतून यंत्र काढलं. खिडकीशी आकडा हललाही नाही. मामाच्या सदऱ्याजवळ चढला.

"दुकानातलं लागलं असेल," मामा हसला.

मावशीने ते नातीच्या झबल्याजवळ नेलं. तिथेही चढला.

मामाने यंत्र हिसकावून घेतलं. खिडकीशी नेलं, नातीकडे आणलं, पुन्हा खिडकीशी नेलं. शेवटी मामीच म्हणाली, "अहो, पुरे आता." तो जेवला नाही.

सकाळी त्याने भट्टी मागवली, ती येईपर्यंत शेगडी विझवली. पण दुकानाच्या भिंतीत, कपड्यांत इतक्या वर्षांचा पारा मुरलेला.

संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथे होतो. मामा दुकानातून आला, तशी नात नेहमीसारखी धावली. मामाने हात पाठीमागे बांधले आणि तो भिंतीला चिकटून मोरीकडे सरकला. "थांब गं राणी, आंघोळ करून आलोच."

तिला काय कळणार? बंद दारासमोर बसून तिने भोकाड पसरलं. आतून पाण्याच्या आवाजावर मामाचा आवाज येत होता, "आलो, आलो, हा बघ आलो." तोही रडत होता, ते स्पष्ट कळत होतं.

मावशीने तिला उचलून घेतलं, तर ती मावशीलाच मारायला लागली. मावशीने मुकाट्याने मार खाल्ला.