बाईंचा नसलेला कुत्रा

'माझा नाही तो,' असं म्हणत बाई त्याच्यापुढे दूधपोळी ठेवायच्या. ठेवून झाली की पदराला हात पुसत रस्त्याकडे बघायच्या, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. सगळी गल्ली पाहत असायची.

अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. कुत्रा पाळतात, पण पाळलाय असं कबूल करत नाहीत. आमच्या बरकतपुऱ्यातल्या बाई त्यांतल्याच. जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. तेलुगू शेजारी त्यांना टीचरम्मा म्हणत, आम्ही मराठी नुसतं बाई. मीही त्यांच्या हाताखालून गेलोय. नामपल्लीच्या कोर्टात वकिली करून केस पांढरे झाले, तरी त्यांच्यासमोर उभं राहिलं की पाढा चुकल्यासारखं वाटायचं.

कुत्रा तपकिरी, एक कान पडलेला. त्याला नाव नव्हतं. 'नाव ठेवलं की गळ्यात पडतो,' हे बाईंचं शास्त्र. मात्र दरवर्षी सुई टोचायला त्याला रिक्षात घालून त्याच नेत. त्याने दूधवाल्याचा पाठलाग करावा, शेजाऱ्यांच्या चपला पळवाव्यात, आणि तक्रार गेली की बाईंचं उत्तर तयार: 'माझा नाही तो. येतो आपला.' अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने यावर काय बोलायचं? माझेच दोन जोड गेले.

मग लग्नसराईत एका संध्याकाळी, वरातींना घोडी पुरवणारा एक घोडेवाला घोडीवर बसून आमच्या गल्लीतून मंडपाकडे निघाला होता. बाईंच्या फाटकातून कुत्रा सुटला तो थेट घोडीच्या पायांत. चावला नाही, नुसता भुंकला. घोडी बुजून मागच्या पायांवर उभी राहिली, घोडेवाला नाल्याच्या कठड्यावर आपटला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातूनच त्याने बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली.

गल्ली म्हणाली, चावलाच नाही तर केस कसली? लोकांना वाटतं कायदा दातांच्या खुणा शोधतो. तसं नसतं हो. आपल्या ताब्यातल्या जनावरामुळे कोणाला इजा होणार नाही, ही काळजी मालकाने घ्यायची असते. मग ते चावो, नाहीतर घोडी बुजवो. पण त्यासाठी आधी मालक हवा! आणि इथे तर 'माझा नाही' असं बाई दहा वर्षं गल्लीला ओरडून सांगत होत्या. इतका आयता बचाव मला उभ्या वकिलीत मिळाला नव्हता.

केस चालू असतानाच बाई डबा घेऊन घोडेवाल्याला भेटायला गेल्या. मी कपाळावर हात मारला.

'बाई, आरोपीने फिर्यादीला डबा न्यायचा नसतो!'

'का? तुझ्या कायद्यात त्याला भूक लागत नाही?'

'अहो, तो उद्या कोर्टात सांगेल ना, कुत्रा यांचाच म्हणून आल्या होत्या!'

'भेंडी आवडते त्याला,' बाई म्हणाल्या.

तारखेच्या दिवशी रिक्षात मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या बाई गुन्हेगार ठरू नयेत, एवढंच मला हवं होतं.

'साहेबांनी विचारलं तर काय म्हणायचं?'

'माझा नाही.'

'बस. पुढे एक शब्द नको.'

'कळलं रे. मी तुला शिकवलंय, तू मला शिकवू नकोस.'

घोडेवाला कुबड्यांवर आला होता. कुत्रा बेवारस आहे, असं मी झकास मांडलं. ते ऐकून तो हळूच म्हणाला, 'अब घोडी पे बैठना नै होता साब. कुत्ता किसीका नै, तो मैं किसके पास जाऊं?'

न्यायाधीश बाईंकडे वळले. 'अम्मा, कुत्ता आपका है?'

बाईंनी घोडेवाल्याच्या पायाकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

'हौ साहेब,' त्या म्हणाल्या. 'मेराइच है.'

मला वाटलं, तिथेच काळा कोट काढून त्यांच्या हातात द्यावा, घ्या, तुम्हीच लढा. बाहेर व्हरांड्यात आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. 'दहा वर्षं माझा नाही, माझा नाही, आणि नेमका आजच तुमचा झाला?'

'चपलांचं ठीक होतं रे,' बाई म्हणाल्या. 'पण या माणसाचा पाय मोडलाय. माझा नाही म्हटलं तर कोणी मोडला? कोणीच नाही?'

मी त्यांना रिक्षात बसवलं आणि धुमसत चालत घरी आलो.

दंड झाला, नुकसानभरपाई द्यावी लागली. त्यानंतर बाईंच्या हातांत पाटल्या दिसल्या नाहीत. वर कुत्रा बांधून ठेवायची हमी. आजवर मोकळा हिंडलेल्या त्या जिवाला पट्टा आला, साखळी आली. तो केकाटायचा आणि बाई ओट्यावर बसून त्याला दटावता दटावता स्वतःच डोळे पुसायच्या. एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या! दर रविवारी त्याला घेऊन त्या घोडेवाल्याच्या तबेल्यात जायला लागल्या. कुत्र्याला घोडीची सवय व्हायला हवी म्हणे.

'बाई, आता तरी त्या माणसापासून लांब राहा!' मी हात जोडले.

'सरावाने सगळं जमतं,' त्या म्हणाल्या. भागाकार येत नव्हता तेव्हा मलाही हेच ऐकवायच्या.

गेल्या थंडीत बाई गेल्या. त्या धावपळीत कुत्र्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. गेलं तेव्हा फाटकाला नुसती साखळी लोंबत होती. मला बाईंची फार आठवण येते. रागही अजून तेवढाच येतो. जिंकलेली केस होती हो!

परवा काचीगुड्यात एका वरातीने रस्ता अडवला होता. बँड कान फोडत होता. घोडीवर नवरदेव, पुढे लगाम धरून लंगडत चाललेला आपला घोडेवाला, आणि घोडीच्या पायांशी, पट्टा घातलेला, एक कान पडलेला तो. घोडीकडे मान वर करूनही बघत नव्हता.

मी स्कूटर बाजूला घेतली. 'क्या मियाँ, कुत्ता तुम्हारा हो गया?'

त्याने दोन्ही कानांना हात लावले.

'नै साब, मेरा काय का? टीचरम्माका है.'