फुकट तेलाचा फॉर्म

मंडळी, घाईत लिहितोय, पण वाचा.

महिन्याभरापूर्वी इथं शिक्रापूरच्या कॅफेत नेटवर जाहिरात दिसली. गुडघेदुखीचं तेल, पहिली बाटली फुकट. गावी, निमोण्यात आई एकटीच असते, तिच्यासाठी फॉर्म भरला. घरी फोन नाही, म्हणून शेजारच्या दुकानदार आप्पांचा पी.पी. नंबर टाकला; ते आईला बोलावून देतात. 'घरी कोण, कधी असतं?' तेही खरंखरं लिहिलं.

बाटली आली नाही. आज सकाळी आप्पांचा फोन आला.

"आरं, फोनवर कुणीतरी इचारत व्हतं, म्हातारी दुपारी एकलीच असते ना? मी व्हय म्हणलो."

जाहिरात शोधली, तर गायब!

आईला फोनवर बोलावून सांगितलं, कडी लावून बस.

"आन् तेलवाला माघारी गेला म्हंजी?"

मी निघालोय. एसटीचा भरवसा नाही. तुमच्यापैकी आत्ता कुणी निमोण्यात आहे का? आमच्या दारात जाऊन बसाल?