जुन्या विचारांचा डबा

"मावशी, टाका तो कोयता डब्यात."

सर माईकवरून म्हणाले. समोर मंगल कार्यालय गच्च भरलेलं. स्टेजवर माझ्या शेजारी माझी आई उभी, हातात कोयता. पुढ्यात निळा प्लास्टिकचा डबा, त्यावर कागद चिकटवलेला: 'जुने विचार'. तो कागद मीच छापून आणला होता.

आईला काही कळेना. तिनं माझ्याकडं बघितलं.

"पूजा न्हाई का करायची?"

हळूच विचारलं तिनं, पण माईक जवळ होता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. लोक हसले. सरही हसले.

सरांचे नगरमध्ये व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास आहेत. मी तिथं ऑफिसात कामाला होते. फोन घ्यायचे, प्रवेश नोंदवायचे, शिबिरात खुर्च्या लावायच्या. शिबिरात लोक आपले वाईट विचार चिठ्ठीवर लिहून त्या डब्यात टाकतात. त्या दिवशी शेवटी माझी गोष्ट ठेवली होती, उसाच्या फडातून ऑफिसात आलेली मुलगी म्हणून. सर म्हणाले होते, आईला बोलव, सत्कार करू, येताना कोयता आणायला सांग. मी निरोप दिला.

सत्कार म्हटल्यावर आईला वाटलं, दसऱ्याला करतो तशी कोयत्याची पूजा असेल. तिनं तो दगडावर घासला, धुतला, हळदकुंकू लावलं. नव्या खणात गुंडाळून पाथर्डीहून एसटीत मांडीवर धरून आणला. आणि आता ती त्या हळदीच्या कोयत्यासकट लोकांच्या हसण्यात उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोयता तुमच्या हातात नाही, मावशी, डोक्यात आहे," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "सांग लोकांना. तू पुस्तक निवडलंस. आईनं कोयता निवडला."

आईनं तो टाकला. माझी नोकरी टिकावी म्हणून टाकला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. चिठ्ठ्यांच्या ढिगात पडला, धप्प. टाळ्या पडल्या.

मी पुस्तकांना नावं ठेवत नाही. शाळेत बक्षीस म्हणून मला व्यक्तिमत्त्व विकासाचंच एक पुस्तक मिळालं होतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला, भीती आपोआप मागं सरते, असं त्यात होतं. फडावरच्या आमच्या कोपीच्या, पाचटाच्या झोपडीच्या, दाराशी बसून मी ते इतक्यांदा वाचलं की पानं सुटली. त्याच पुस्तकाच्या जोरावर मी ऊसतोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मी औंदा तोडीला येनार न्हाई. बारावीला बसनार हाय." आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हणाले. ते बळ मला पुस्तकानंच दिलं, ते मी कधी नाकारणार नाही.

पण मी गावी राहिले आणि माझ्या वाट्याच्या मोळ्या आईनं उचलल्या. वडिलांची पाठ गेलेली. तिनं एकटीनं तोडलं, बांधलं, फळीवरून ट्रकवर चढवलं. माझ्या हिमतीचं ओझं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर गेलं, हे त्या पुस्तकात कुठंच नव्हतं. नंतरच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. लवकर उठणाऱ्याला सगळं मिळतं, असं मात्र सगळ्यांत होतं. माझी आई जन्मभर कोंबड्याच्या आधी उठली. काय मिळालं तिला? मी फोनवर लोकांना हेच विकत होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो त्या स्टेजवर पडला.

"बोल ना," सरांनी माईक पुढं केला.

मी आधी डब्यात हात घातला. चिठ्ठ्या बाजूला करून कोयता काढला. ओढणीनं पुसला, आईच्या हातात दिला. मग माईक घेतला. ऑफिसात शिकवलेली भाषा तोंडात येईना. घरची आली.

"हिनं कोयता निवडला न्हाई. हिला कुनी इचारलंच न्हाई. मी पुस्तक वाचत हुते तवा माझ्या वाटचा ऊस हिनं तोडला. ह्याच कोयत्यानं. टाळ्या वाजवायच्या तर आता वाजवा."

कुणी वाजवल्या नाहीत. सरांनी माईक काढून घेतला. कानाशी येऊन म्हणाले, "फार निगेटिव्ह झालीस तू. उद्यापासून येऊ नकोस."

"व्हय सर. झाले."

बाहेर आल्यावर आई रडली. "चांगली नोकरी गेली गं तुझी. म्या टाकला हुता की त्यो." मला तिला समजावता आलं नाही. आजही आलेलं नाही. दिवाळीनंतर ती पुन्हा तोडीला गेली, आणि मला नगरमध्ये दुसरं काम अजून मिळालेलं नाही.

पानं सुटलेलं ते पुस्तक मी दोऱ्यानं शिवून ठेवलंय. डोळ्यांत बघून बोला, एवढं एक त्यातलं मी सोडणार नाही. आईच्या हातातला कोयता मला सोडवायचाच आहे. पण तो तिच्या डोक्यातून आलेला नाही. तो तिच्या हातात कुणी दिला आणि कुणी तसाच राहू दिला, हे मी एकेकाच्या डोळ्यांत बघून विचारणार आहे. मुकादमापासून सुरुवात करणार आहे.