नाकाला टांगलेले तांदूळ

आमच्या मुलुंडच्या घरात दोन वर्षं इंजिन म्हणजे तांदळाची पिशवी होती. सव्वासात फुटी पंखांचं, हवेत कसरती करणारं रेडिओवरचं विमान बाबांनी बाल्साच्या हलक्या लाकडातून उभं केलं होतं, पण त्याला कुठलं इंजिन बसवायचं ते काही केल्या ठरत नव्हतं. एखादं इंजिन मनात भरलं की बाबा तेवढ्या वजनाचे तांदूळ पिशवीत घालून ती विमानाच्या नाकाला टांगायचे. सायलेन्सर आणि स्क्रूंसाठी वर एक मूठ. मग पंखांखाली खुणेच्या जागी एका बाजूला त्यांचं बोट, दुसऱ्या बाजूला माझं. विमान आडवं राहिलं की वजन बरोबर. शेपूट खाली गेली की आणखी एक मूठ. त्या दिवशीचा भातही त्याच पिशवीतला असायचा.

मला या सगळ्याचा वैताग यायचा. मी मुळातच घाईची, त्यात यावेळी घाईला कारण होतं. बाबा भांडुपच्या कारखान्यात फिटर होते आणि लहान विमानं ते माझ्या शाळेच्या दिवसांपासून उडवत आले आहेत, मलाही त्यांनीच शिकवलं. एवढं मोठं हे पहिलंच, आणि त्याची एक उभी कोलांटी स्वतःच्या हाताने मारायची एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे झिजत चालल्याचं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. किती दिवस दिसेल ते कुणी सांगत नव्हतं. मी विचारलं की बाबा म्हणायचे, अजून दिसतंय, आणि वर्तमानपत्र उघडून बसायचे. पान मात्र बराच वेळ उलटत नसे.

त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. पेट्रोलचं, एकाच सिलिंडरचं. मी दोन सिलिंडरचं सुचवलं, त्यात थरथर कमी. बॅटरीची मोटर सुचवली, त्यात धूर नाही, तेल नाही. ते तांदूळ मोजायचे, विमान तोलून बघायचे आणि शेवटी त्यांच्या मालवणीत म्हणायचे, "माका आवाज व्हयो." मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. एका रविवारी तर मी त्यांना तोंडावर म्हणाले की आवाजच हवा असेल तर खिडकीत बसा, खाली रिक्षा आहेत. ते हसले आणि पुन्हा मूठभर तांदूळ घालू लागले.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझ्या कॉलेजातल्या मित्राचं छोट्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. त्या वर्षी लिंक रोडने मी तिकडे किती चकरा मारल्या असतील, त्याचा हिशेब नाही. एकदा गेले आणि तो काय म्हणाला ते नीट ऐकलं नाही असं वाटून चार दिवसांत परत गेले. रात्री एक ठरवायचं, सकाळी दात घासताना दुसरं. शेवटी तोच कंटाळला. म्हणाला, "अगं यार, त्यांची बोटं बघितलीस का? पेट्रोलचं इंजिन पुढचा पंखा हाताने फिरवून सुरू करायचं असतं. एक झटका चुकला ना, तर वाट लागेल." मी बोटं बघितली नव्हती. त्या संध्याकाळी बघितली. चहाचा कप धरताना ती थरथरत होती.

बाबांना न विचारता मी बॅटरीची मोटर आणली. त्यांच्या भल्याचंच केलं, अशी माझी पक्की खात्री होती. बाबांनी मोटर हातात फिरवून पाहिली, विमानाच्या नाकातल्या लाकडी पाटीवर बसवली, तोलून बघितली. वजन बरोबर आलं. पिशवीतले तांदूळ डब्यात ओतून त्यांनी पिशवी घडी करून ठेवली. मला वाटलं, सुटले एकदाची.

मुंबईत खरी विमानं डोक्यावर, त्यामुळे उडवायला आम्ही कर्जतच्या पुढे भात कापलेल्या खाचरांत जातो. विमान गाडीतून उतरवलं, पंख जोडले, मोटर सुरू झाली आणि थोडंसं घरघरून ते वर चढलं. वारा समोरून होता. थोडं उंच गेल्यावर मोटर ऐकूच येईना. बाबांनी एक लांब फेरी घेतली, मग विमान उभं चढवलं, आणि त्यांचे अंगठे थांबले.

"नाक खंय आसा गो?" ते हळूच म्हणाले.

मला आधी प्रश्नच कळला नाही. विमान तर डोळ्यांसमोर होतं, पाठीवर पडून खाली येत होतं. मग मी त्यांच्या हातातून रिमोट ओढून घेतला. उतरवताना एक चाक वाकलं, बाकी काही झालं नाही. बाबा बांधावर बसले आणि मग सगळं सांगितलं. तीन वर्षांपासून त्यांना वर नुसता ठिपका दिसत होता, नाक कुठे आणि शेपूट कुठे ते नाही. इंजिन चढताना कण्हतं, खाली येताना मोकळं होतं. त्यावरून ते लहान विमानं उडवत होते. एक सिलिंडर सगळ्यात स्पष्ट कण्हतं. हे मला सांगितलं असतं, तर मी उडवूच दिलं नसतं, असंही ते म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून मला जास्त राग आला. त्यांचा आला आणि माझा त्याहून आला. खिडकीखालच्या रिक्षांचं ते वाक्य परतीच्या वाटेवर डोक्यातून जात नव्हतं.

घरी पोचल्यावर हात धुवायच्या आधी मी पिशवी शोधून काढली आणि डब्यातून तांदूळ भरायला बसले. बाबा म्हणाले, सायलेन्सरचे घाल. मी मूठ घातली.

पेट्रोलचं इंजिन आलं. पंखा मी फिरवते, जाड हातमोजा घालून. दुसरा रिमोट माझ्या गळ्यात असतो, वाटेल तेव्हा बटण दाबून विमान माझ्याकडे घेता यावं म्हणून. पहिल्या दिवशी मी त्या बटणावर अंगठा ठेवून उभी होते. इंजिन वर जाता जाता कण्हू लागलं, माथ्यावर क्षणभर अडखळलं, आणि मग सैल होत खाली आलं. बाबा मान थोडी वाकडी करून जमिनीकडे बघत होते. कोलांटी गोल झाली होती. मी बटण दाबलं नव्हतं.

त्यांनी आणखी दोन मारल्या. मग रिमोट गळ्यातल्या पट्ट्यावर सोडून दिला आणि हात मागे बांधले.

"आता तू उतरव," ते म्हणाले. "उतरताना इंजिन बारीक करूचा लागता, मगे तां बोलणा नाय."